फुकटच्या मोलकरणीचा पगार

घरात कामाला नवी बाई ठेवायची म्हटलं की आपण किती चौकशा करतो! राहते कुठे, येते कशी, आधी कुणाकडे होती, पगार काय मागते, सणाला साडी घेते की रोख पैसे... दोन-चार घरी विचारून, एखाद्या ओळखीच्या वहिनींकडून खात्री करून घेऊन, मगच तिच्या हाती घराची किल्ली जाते. आणि ते योग्यच आहे. घर म्हणजे काही धर्मशाळा नव्हे!

पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात एक नवी मदतनीस येऊन बसली आहे, आणि तिची चौकशी मात्र कुणीच केलेली नाही. ही मोबाईलमध्ये राहते. कुणाकडे तिचं नाव चॅटजीपीटी, कुणाकडे जेमिनी, तर कुणाकडे ती व्हॉट्सॲपमधलं ते रंगीत वर्तुळ होऊन बसलेली असते. श्रीखंडात साखर कमी घालायची तर काय प्रमाण घ्यावं, सोसायटीच्या सेक्रेटरीला गळक्या टाकीबद्दल खरमरीत पत्र कसं लिहावं, सासऱ्यांच्या रक्ततपासणीच्या कागदावरचे ते आकडे म्हणजे काय, धाकट्याचा ‘पावसाळ्यातील एक दिवस’... रात्री अकराला काम सांगा, तोंड वाकडं करत नाही. दांडी नाही, उसनवारी नाही. आणि पगार? शून्य!

“फुकट आहे हो, वापरा बिनधास्त!” आमच्या भिशीतल्या एक वहिनी अगदी आग्रहाने सांगत होत्या. मी म्हटलं, “अहो, दुकानदार कढीपत्तासुद्धा हल्ली फुकट देत नाही, आणि हे कसं देतात?” त्यावर सगळ्या हसल्या आणि विषय चिवड्यावर गेला.

पण विषय तसा सोडून देण्यासारखा नाही. साबणाच्या पुड्याबरोबर स्टीलची वाटी ‘मोफत’ मिळते, तेव्हा तिची किंमत पुड्यात कुठे दडलेली आहे हे आपल्याला बरोबर कळतं. मग या मोलकरणीचा पगार कुठे दडला आहे? पैशांतला पगार तूर्त कंपन्या भरताहेत. गिऱ्हाईक बांधून घ्यायचं तर सुरुवातीला पदरमोड करावीच लागते. पण काही पगार पैशांत मोजला जातच नाही. तो वीज, पाणी, धूर आणि कुणाच्या तरी उडालेल्या झोपेच्या रूपाने चुकता होतो. आणि तो ज्या घरांतून वसूल होतो, ती घरं बहुधा आपली नसतात.

जमिनीवरचा ढग

‘फोटो क्लाउडमध्ये आहेत,’ असं मुलं म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. साहजिकच आपल्याला वाटतं, हा सगळा कारभार वर कुठेतरी हवेत तरंगत चालला आहे. प्रत्यक्षात हा ढग चांगला चार भिंतींच्या आत असतो. त्याला डेटा सेंटर म्हणतात. गोदामासारख्या मोठमोठ्या, बहुतेक बिनखिडक्यांच्या इमारती; आत लोखंडी कपाटांच्या रांगाच रांगा, आणि कपाटांत अहोरात्र चालणारे हजारो संगणक. फ्रिज चालू असताना त्याच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा, कसा गरम लागतो! इथे तर हजारो यंत्रं एका छपराखाली तापत असतात. ती चालवायला वीज, आणि ती थंड ठेवायला पुन्हा वीज, नाहीतर पाणी, पुष्कळदा दोन्हीही.

मुंबईकडच्या भगिनींना हा ढग पाहायला लांब जायला नको. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशी केंद्रं उभी आहेत. देशातल्या डेटा सेंटरांची जवळजवळ निम्मी क्षमता एकट्या मुंबई परिसरात आहे. परदेशातून समुद्राच्या तळावरून येणाऱ्या केबली वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, म्हणून ही मंडळी इथे येतात.

आता विजेचा हिशेब. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सी ही जगभरच्या विजेचा ताळेबंद ठेवणारी संस्था. तिच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगातल्या सगळ्या डेटा सेंटरांनी मिळून सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या ती दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर, म्हणजे सुमारे ९४,५०० कोटी युनिटांपर्यंत जाईल असा अंदाज आहे. जपानसारखा अख्खा देश आज वर्षभरात जेवढी वीज वापरतो, त्याहून थोडी जास्तच! या केंद्रांत आपली बँक, रेल्वेची तिकिटं, सिनेमे, फोटो असं सगळंच असतं, नुसती कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, हे खरं. पण पुढची जी वाढ आहे तिचं सगळ्यांत मोठं कारण तीच, असं ही संस्था सांगते.

टक्केवारी जगाच्या हिशेबात लहान दिसते, पण ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. आयर्लंडचंच पाहा. २०२३ साली त्या देशाच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी घेतली, आणि शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून घेतली १८ टक्के. म्हणजे एका पारड्यात साऱ्या शहरांतल्या घरांचे फ्रिज, इस्त्र्या, ओव्हन, दिवे, थंडीत खोल्या गरम ठेवणारे हीटर. आणि दुसऱ्या पारड्यात काही थोड्या बिनखिडक्यांच्या इमारती. जड झालं ते दुसरं पारडं!

इथे एखादी विचारील, “अहो, पण मी विचारलेल्या एका प्रश्नाला असा कितीसा खर्च येतो?” खरं सांगायचं तर, फारसा नाही. गूगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपला हिशेब जाहीर केला. साधा लेखी प्रश्न विचारला तर सरासरीने एका युनिटाचा चार हजारावा हिस्सा वीज आणि पाण्याचे पाच थेंब. घरातला ९ वॅटचा बल्ब दीड मिनिट लागला, एवढंच. (वीज तयार करताना विद्युतकेंद्रात जे पाणी खर्च होतं ते या पाच थेंबांत धरलेलं नाही, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. तो रास्त वाटतो. भाजीचा खर्च लिहिताना गॅसचा धरायचा नाही, असं कसं चालेल?) त्याआधी २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेव्हाच्या यंत्रांचा हिशेब मांडला होता. विद्युतकेंद्राचं पाणी धरून, दहा ते पन्नास उत्तरांना अर्धा लिटर, असा तो होता. म्हणजे यंत्रं सुधारताहेत. तेव्हा श्रीखंडाचं प्रमाण विचारल्याबद्दल कुणी मनाला लावून घेऊ नये.

पण चित्रं, आणि विशेषतः हलती चित्रं, यांची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नियतकालिकाने २०२५ साली असं एक मोजमाप छापलं. यंत्राकडून अवघ्या पाच सेकंदांची फिल्म करून घ्यायला जवळजवळ एक युनिट वीज लागली. एक युनिट! आपली इस्त्री तासभर चालते तेवढ्यात. वाढदिवसाच्या शुभेच्छांत नाचणारा गणपती आणि बोलणारं मांजर पाठवताना हे कुणाच्या डोक्यात येतं का? आणि प्रश्न एकटीचा नसतो. दिवसाकाठी जगभरातून असे कोट्यवधी प्रश्न आणि चित्रं जातात. घरातला एक नळ ठिबकला तर बादली भरते. अख्ख्या गावाचे ठिबकले तर टाकी रिकामी होते.

‘कमी विरोधाची’ जागा

हे सगळं ओझं कुणाच्या अंगावर पडतं, ते पाहायला जरा अमेरिकेत जाऊ या. टेनेसी राज्यात मेम्फिस नावाचं शहर आहे. तिथे इलेक्ट्रोलक्स कंपनीचा स्वयंपाकाचे ओव्हन तयार करणारा कारखाना होता. तो २०२२ साली बंद पडला. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या एक्सएआय कंपनीने त्याच इमारतीत आपला अवाढव्य संगणक बसवला. नाव ‘कोलोसस’. १२२ दिवसांत उभा केला म्हणून केवढं कौतुक झालं! पण इतकी वीज शहराकडे तयार नव्हती. मग कंपनीने गॅसवर चालणारी जनित्रं ट्रकांवरून आणून आवारात मांडली. पर्यावरणाचं काम करणाऱ्या वकिलांनी विमानातून फोटो काढून मोजली, तेव्हा ती ३५ निघाली. परवाना? काही काळापुरतीच आहेत म्हणून तो लागत नाही, अशी भूमिका होती. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये काउंटीच्या आरोग्य खात्याने १५ जनित्रांना परवाना दिला. या जनित्रांच्या धुरातून नायट्रोजनचे वायू आणि फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतात. दम्याच्या रोग्याला ही हवा कशी लागते हे ज्यांच्या घरी इनहेलर आहे त्यांना सांगायला नको.

कारखान्याजवळ बॉक्सटाउन नावाची वस्ती आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी रेल्वेच्या डब्यांच्या टाकाऊ फळ्यांनी इथे घरं बांधली, म्हणून हे नाव. आजही वस्ती बहुतांशी काळ्या लोकांचीच. आसपास आधीच तेलशुद्धीकरण कारखाना, पोलादाचा कारखाना, वीजकेंद्र. काही वर्षांपूर्वी याच भागातून एका कंपनीला तेलाची वाहिनी न्यायची होती. हीच जागा का, तर इथे सगळ्यांत कमी विरोध होईल, अशा अर्थाचं कंपनीचा माणूस लोकांच्या सभेतच बोलून गेला! लोकांनी मात्र असा विरोध केला की २०२१ साली ती योजना गुंडाळावी लागली.

‘कमी विरोधाची जागा’ हे शब्द मला विसरता येत नाहीत. कारण धूर, धूळ आणि कचरा नेहमी तिथेच जाऊन बसतो. आपल्याकडेही.

चेंबूरच्या मागे, खाडीच्या कडेला माहुल आहे. एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या. पलीकडे ट्रॉम्बेचं टाटांचं वीजकेंद्र. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या, तेव्हा हजारो कुटुंबांना आणून इथल्या इमारतींत ठेवलं. या परिसरातल्या हवेपासून रहिवाशांच्या प्रकृतीला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरं घर द्या, नाहीतर भाड्यासाठी महिना १५,००० रुपये द्या. काहींची सुटका झाली. पुष्कळ कुटुंबं अजून तिथेच आहेत.

आता ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रातला कोळशाचा भाग बंद व्हायचा होता. तसं ठरलंही होतं. पण २०२३ च्या अखेरीस तो निर्णय फिरला, कारण मुंबईची विजेची मागणी फार वेगाने वाढते आहे. ही मागणी कुणाची? आपल्या एअरकंडिशनरांची आहे, नव्या टॉवरांची आहे, मेट्रोची आहे. आणि डेटा सेंटरांचीही आहे. लंडनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने २०२५ च्या नोव्हेंबरात माहुलच्या लोकांना भेटून याच गोष्टीवर लांबलचक वृत्तांत छापला. सगळा दोष एआयच्या माथी मारणं बरोबर नाही. माहुलची हवा बिघडवणारे जुने धनी पुष्कळ आहेत. पण एक चूल विझायची होती ती विझली नाही, आणि विझू न देणाऱ्यांत या नव्या मोलकरणीचाही हात आहे, एवढं खरं. पाण्याच्या वाहिनीसाठी ज्या बाईला घर सोडावं लागलं, ती आता ढगासाठी कोळशाची हवा घेते आहे.

खारट पाणी

पाण्याची हकीकत दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाची सांगते. २०२३ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. राजधानी माँटेव्हिडिओचं धरण आटलं, तेव्हा सरकारने नळाच्या पाण्यात नदीच्या मुखाजवळचं खारं पाणी मिसळायला सुरुवात केली. नळ सोडला की खारट पाणी! चहा खारट, भात खारट. ज्यांना परवडलं त्यांनी बाटल्या विकत घेतल्या. आणि नेमकं त्याच वेळी बाहेर आलं की राजधानीलगत गूगलचं डेटा सेंटर व्हायचं आहे, आणि ठरल्याप्रमाणे त्याला थंडाव्यासाठी रोज ७६ लाख लिटर गोडं पाणी लागणार आहे. पन्नास हजारांवर माणसांचं रोजचं घरगुती पाणी! हा आकडासुद्धा सरकारने सहजी दिला नाही. एका संशोधकाला त्यासाठी कोर्टात जावं लागलं. लोक रस्त्यावर आले. ‘हा दुष्काळ नाही, ही लूट आहे,’ अशा घोषणा भिंतींवर लागल्या. शेवटी कंपनीने आराखडा बदलला, केंद्र लहान केलं आणि पाण्याऐवजी हवेने थंड करायचं ठरवलं.

म्हणजे बदलता येतं. लोक बोलले तर दुसरी पद्धत सापडते. (हवेने थंड करायला वीज जास्त लागते, हा त्यातला पेच आहेच. इथून झाकलं की तिथून उघडं पडतं.)

आकडे लपवायची खोड मात्र सगळीकडे सारखीच. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या द डॅलस या लहान गावानेही गूगलचा पाणीवापर ‘व्यापारी गुपित’ म्हणून सांगायला नकार दिला होता. एका वर्तमानपत्राने पाठपुरावा केला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा कळलं की २०२१ साली गावच्या पाण्यापैकी पाव हिश्श्याहून जास्त पाणी कंपनी घेत होती. आपल्या सोसायटीत एखाद्या बिऱ्हाडाने चारांतली एक टाकी एकट्याने वापरली आणि वर मीटर दाखवायला नकार दिला, तर काय होईल? सेक्रेटरी दारात उभा राहील!

पडद्यामागच्या बायका-पुरुष

ही मोलकरीण इतकी सभ्य कशी बोलते, याचं आश्चर्य कधी वाटलं आहे का? शिवी नाही, अचकटविचकट नाही. हे तिला शिकवलेलं आहे, आणि शिकवणारी माणसंच आहेत. ‘टाइम’ नियतकालिकाने २०२३ च्या जानेवारीत केनियाची राजधानी नैरोबी इथल्या कामगारांची कथा छापली. चॅटजीपीटीच्या कंपनीसाठी, एका मधल्या कंपनीमार्फत, हे लोक इंटरनेटवरचा घाणेरड्यात घाणेरडा मजकूर दिवसभर वाचत. लहान मुलांवरचे अत्याचार, खून, छळ... हे वाचायचं आणि ‘हे वाईट’, ‘हे अतिवाईट’ अशी चिठ्ठी लावायची. म्हणजे यंत्राने ते बोलू नये. मजुरी तासाला दोन डॉलरांच्या आत. रात्री झोप लागत नाही, डोळ्यांसमोरून जात नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्या घराचं संडास साफ करणाऱ्याला आपण निदान पाहतो तरी. यांना कुणी पाहिलंच नाही.

अशी कामं भारतातल्या लहान गावांतूनही होतात, आणि सगळीच वाईट असतात असं मुळीच नाही. पालघर जिल्ह्यातल्या आमले या आदिवासी गावात आणि आणखी दोन ठिकाणी एक प्रयोग झाला होता. मोबाईलवर दिसणारी मराठी वाक्यं मोठ्याने वाचायची, त्याचे पैसे मिळायचे. ३६ जणांनी मिळून १०९ तासांचं मराठी बोलणं नोंदवून दिलं. यंत्रांना मराठी कळायला लागली ती अशा आवाजांमुळेही. हे काम स्वच्छ, घरबसल्याचं आणि मोबदल्याचं. तेव्हा प्रश्न काम असण्याचा नाही. ते कुणाला, काय दराने आणि मनाला काय सोसून करावं लागतं, याचा आहे.

साडीतला फोटो

आता जो हिशेब सांगायचा आहे तो मात्र थेट आपल्या दारात येतो.

२०२५ च्या सप्टेंबरात एक लाट आली होती, आठवत असेल. आपला फोटो यंत्राला द्यायचा, आणि ते आपल्याला शिफॉनची साडी नेसवून, केसांत फूल माळून, जुन्या सिनेमातल्या नटीसारखं करून देणार! आमच्या ओळखीत पन्नाशीच्या मावशींनीसुद्धा केले. सुंदर दिसत होत्या. हौस कुणाला नसते?

पण जे यंत्र साडी नेसवतं तेच ती उतरवूही शकतं. २०२३ च्या नोव्हेंबरात रश्मिका मंदाना या अभिनेत्रीचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या देहावर लावलेली फिल्म देशभर फिरली. २०१९ सालीच डीपट्रेस नावाच्या कंपनीने इंटरनेटवरच्या अशा बनावट फिल्म मोजल्या होत्या, तर त्यांतल्या ९६ टक्के अश्लील होत्या. आणि त्या कुणाच्या? बायकांच्या! तेव्हा त्या करायला कौशल्य लागे. आता एक ओळ लिहायला येणं पुरतं. २०२५ सरता सरता एक्स या समाजमाध्यमावर ‘ग्रोक’ नावाच्या यंत्राला सांगून लोक ओळखी-अनोळखी स्त्रियांच्या साध्या फोटोंतले कपडे उतरवून घेऊ लागले, तेही चारचौघांत, त्या बाईच्याच फोटोखाली. २०२६ च्या जानेवारीच्या सुरुवातीला तेव्हाच्या राज्यसभा सदस्य प्रियांका चतुर्वेदी यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिलं, सरकारने कंपनीला नोटीस काढली. इंडोनेशिया आणि मलेशियाने तर ते यंत्र काही काळ बंदच केलं.

हे ग्रोक कुठलं, ठाऊक आहे? मेम्फिसच्या त्या ओव्हनच्या कारखान्यातल्या कोलोससवर घडवलेलं. त्या कामासाठी बॉक्सटाउनच्या आजीबाईंनी धूर गिळला!

मग करायचं काय? मोबाईल फेकून द्या असं मी सांगणार नाही. सासऱ्यांच्या रिपोर्टचा अर्थ समजून घेऊन, नीट प्रश्न काढून डॉक्टरांकडे जाणारी सून मी पाहिली आहे. ती सोय लहान नव्हे. (औषधाचा डोस मात्र डॉक्टरांनाच विचारायचा. ही बाई ठाऊक नसलं तरी ठाऊक असल्यासारखं बोलते.) विचारायचं ते लिहून विचारावं, गंमत म्हणून फिल्म आणि चित्रं करत बसू नये. सकाळच्या ‘शुभ प्रभात’च्या चित्राची तर गरजच काय? दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या तर नणंदेला जास्त बरं वाटेल.

मुलींचे आणि नातवंडांचे फोटो अनोळखी ॲपला देऊ नयेत. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. आजोळच्या कुत्र्याचं नाव, आजीची आवडती भाजी, काहीही. कारण आवाजाचीही नक्कल होते. “आई, मला पोलिसांनी पकडलंय, पैसे पाठव,” असा मुलाच्या आवाजात रडका फोन आला तर तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही की फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवायचं.

आणि घरातल्या मुलीचं असं बनावट चित्र कुठे निघालं, तर पहिली गोष्ट, तिला रागावू नका. ‘फोटो टाकलासच कशाला?’ हा प्रश्न तर तोंडातूनही काढू नका. चित्राचा स्क्रीनशॉट, त्याचा पत्ता म्हणजे लिंक, आणि तारीख जपून ठेवा. घाबरून पुसून टाकलं की पुरावा जातो. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, आणि तिथे नाव न सांगताही तक्रार देता येते. ज्या माध्यमावर चित्र आहे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी लिहा.

राहिला वीज-पाण्याचा प्रश्न. तो एकटीच्या काटकसरीने सुटणारा नाही, हे मला ठाऊक आहे. पण विजेचे दर ठरवताना महाराष्ट्र वीज नियामक आयोग लोकांच्या सूचना आणि हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे कुणालाही लेखी म्हणणं मांडता येतं. वकील लागत नाही, साधं मराठीत लिहिलेलं पत्र चालतं. डेटा सेंटरना आपल्या राज्याच्या धोरणात सवलती आहेत. तेव्हा आपल्या भागात असं केंद्र यायचं असेल तर ते पाणी कुठलं आणि किती घेणार, वीज कोळशाची की सूर्याची, नव्या तारांचा खर्च कुणाच्या बिलात पडणार, हे विचारायचा हक्क आपल्यालाही आहे. महिला मंडळाच्या लेटरहेडवर वीस-पंचवीस सह्या घेऊन विचारलं तर अधिकच उत्तम. आयोगाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. बहुधा आतल्या पानावर, बारीक टाइपात, टेंडरांच्या शेजारी असते. रद्दी बांधण्याआधी ते पान एकदा चाळून पाहावं.